देशानुसार मिररचे पत्ते : वाचकांचे प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअरच्या मिरर साइटविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. मिरर म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरच्या फाइलींची, दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या यंत्रावर ठेवलेली आणि ठरावीक वेळाने ताजी होणारी प्रत. जागा, वीज आणि बँडविड्थ देणारा एक, फाइली तयार करणारा दुसरा आणि त्या उतरवून घेणारा तिसरा. या तिघांना जोडणारी वस्तू म्हणजे पत्ता. बहुतेक प्रश्न त्या पत्त्याभोवतीच फिरत आहेत.

प्रश्न : आमच्या प्रकल्पाला सात देशांतल्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी मिरर दिले आहेत. डाउनलोडच्या पानावर सातही पत्ते आहेत, पण एखादा लांबलचक, तर एखादा दर वर्षी बदलणारा. देशाच्या नावाने सुटसुटीत पत्ते कसे बसवावेत?

उत्तर : आधी एक गोष्ट पक्की करा. यंत्र देणगीदाराचे, पण नाव प्रकल्पाचे. वापरणाऱ्याच्या हाती जो पत्ता जाईल तो तुमच्या डोमेनखालचा असावा आणि तो कुठे वळवायचा हे तुमच्या डीएनएसमध्ये (नावावरून यंत्राचा आकडी आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत) ठरावे. जुन्या प्रकल्पांनी हेच केले आहे. डेबियन या लिनक्स वितरणाचे पत्ते ‘एफटीपी.डीई.डेबियन.ऑर्ग’ अशा धर्तीचे आहेत, आर भाषेच्या पॅकेज-संग्रहाचे ‘क्रॅन.यूएस.आर-प्रोजेक्ट.ऑर्ग’ असे, उबुंटू या दुसऱ्या वितरणाचे ‘इन.आर्काइव्ह.उबुंटू.कॉम’ असे. विद्यापीठातला सर्व्हर चार-पाच वर्षांनी बदलतो, विभागाचे नाव बदलते, तो सांभाळणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. वापरणाऱ्याच्या यंत्रावरच्या सेटिंग फाइलीत, पुस्तकांत आणि वर्गातल्या टिपणांत लिहिलेला पत्ता मात्र दहा-दहा वर्षे तसाच राहतो.

देशाची नावे थेट मुख्य डोमेनखाली न ठेवता मध्ये एक पायरी घाला : ‘इन.मिरर.प्रकल्प.ऑर्ग’, ‘डीई.मिरर.प्रकल्प.ऑर्ग’. असे केले की ‘मिरर’ या पायरीखालचा सगळा झोन, म्हणजे डीएनएस नोंदींचा गट, वेगळ्या स्वयंसेवकांकडे सोपवता येतो आणि त्यांच्या हातून चूक झाली तरी प्रकल्पाचे मुख्य संकेतस्थळ व ईमेल सुरक्षित राहते.

फाइल कोणत्या रीतीने (प्रोटोकॉलने) पाठवायची ते सांगणारे ‘एफटीपी’ किंवा ‘एचटीटीपी’ पायरीच्या नावात घालू नका. डेबियनने सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ रोजी बंद केली, पण पत्त्यांच्या सुरुवातीचे ‘एफटीपी’ काढता आले नाही. असंख्य यंत्रांच्या सेटिंगमध्ये ते लिहिलेले होते. प्रोटोकॉल बदलतो, नाव बदलवत नाही.

नावाइतकाच महत्त्वाचा असतो नावापुढचा मार्ग. एका मिररवर फाइली ‘पब/प्रकल्प’ या फोल्डरात आणि दुसऱ्यावर ‘मिरर्स/लिनक्स/प्रकल्प’मध्ये असतील, तर डीएनएसमध्ये एकाच्या जागी दुसरा बसवताच सगळे दुवे तुटतील. म्हणून मिरर स्वीकारतानाच अट घाला, की आमच्या नावाने विचारणा आली तर फाइली अमुक एकाच मार्गावर मिळाल्या पाहिजेत. डेबियनच्या मिररवर ‘/डेबियन/’ हा मार्ग असावाच लागतो. देणगीदाराला स्वतःच्या सोयीचा मार्ग ठेवायचा असेल तर खुशाल ठेवू द्या. आपल्या नावासाठी त्याला एक सिम्बॉलिक लिंक (मूळ फोल्डरकडे नेणारे दुसरे नाव) किंवा वेब सर्व्हरमधली एक ओळ पुरते.

सगळ्या मिररची माहिती एकाच साध्या मजकूर-फाइलीत ठेवा आणि ती गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असू द्या. प्रत्येक मिररसाठी देशाचा कोड, यंत्राचे मूळ नाव, कोणते प्रोटोकॉल चालतात, तो कुणाकडून प्रत घेतो, संपर्काचे दोन ईमेल (एक व्यक्तीचा, एक विभागाचा), देणगीदाराचे नाव आणि सुरुवातीची तारीख एवढे असावे. डीएनएसचा झोन, डाउनलोडचे पान आणि तपासणीची यादी या तिन्ही गोष्टी स्क्रिप्टने याच फाइलीतून तयार व्हाव्यात. तिन्ही हाताने लिहिल्या की सहा महिन्यांत तीन वेगवेगळी सत्ये तयार होतात.

प्रश्न : देशाचा कोड कोणता घ्यायचा? ब्रिटनसाठी ‘जीबी’ की ‘यूके’? आणि एकाच देशात तीन मिरर असतील तर?

उत्तर : आधार आयएसओ ३१६६-१ या देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या दोन अक्षरी कोडचा घ्या. त्यात सध्या २४९ कोड अधिकृत आहेत. ब्रिटनचा कोड ‘जीबी’ आहे, पण लोकांच्या बोटांना इंटरनेटच्या डोमेनमुळे ‘यूके’ची सवय आहे. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही नावे चालू ठेवा आणि एक दुसऱ्याकडे वळवा. कोसोव्होला अधिकृत कोड नाही. व्यवहारात ‘एक्सके’ वापरला जातो, तो वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी राखलेल्या कोडपैकी आहे. कोड कायमचे असतात असेही नाही. ‘सीएस’ आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता, नंतर सर्बिया आणि माँटेनेग्रोचा झाला आणि आता कुणाचाच नाही. वादग्रस्त प्रदेशांबाबत स्वतःचे मत बनवत बसण्यापेक्षा ‘आम्ही आयएसओची यादी पाळतो’ हे एक वाक्य धोरणात लिहून ठेवा. पुष्कळ पत्रव्यवहार वाचतो.

एक गोंधळ मराठी वाचकांना चटकन कळेल. भाषेचे कोड आणि देशाचे कोड या दोन वेगळ्या याद्या आहेत. ‘एमआर’ ही भाषा म्हणून मराठी, पण देश म्हणून मॉरिटानिया. ‘जीयू’ ही गुजराती आणि ग्वामही, ‘एमएल’ मल्याळम आणि मालीही, ‘केएन’ कन्नड आणि सेंट किट्स व नेव्हिसही. ज्या प्रकल्पांनी ‘एमआर.प्रकल्प.ऑर्ग’ हा मराठी अनुवादाचा पत्ता केला, त्यांनी त्याच पातळीवर देशांचे मिररही ठेवले तर कधीतरी एक नाव दोघांना हवे होणार. मधली ‘मिरर’ ही पायरी इथेही उपयोगी पडते.

एकाच देशात अनेक मिरर असतील तर पहिल्याला ‘डीई’, पुढच्यांना ‘डीई२’, ‘डीई३’. बिनआकड्याचे नाव सगळ्यात भरवशाच्या मिररकडे असावे. सगळ्यात जुन्या किंवा सगळ्यात मोठ्या देणगीदाराकडे ते आपोआप जाऊ नये. एखादा मिरर बंद झाला म्हणून मागच्यांचे आकडे सरकवू नका. ‘डीई२’ गेला तर ती जागा काही काळ मुख्य सर्व्हरकडे वळवून ठेवा.

ज्या देशात मिररच नाही त्याचे काय? त्याचेही नाव असू द्या आणि ते मुख्य सर्व्हरकडे जाऊ द्या. यासाठी डीएनएसमध्ये तारांकित (कोणत्याही नावाला लागू पडणारी) नोंद घालण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण मग टाइप करताना चुकलेले प्रत्येक नावही ‘चालते’ आणि चूक कधीच लक्षात येत नाही. २४९ ओळी स्क्रिप्टने तयार करणे अवघड नाही.

प्रश्न : डीएनएसमध्ये सी-नेम नोंद घालावी की थेट आयपी पत्ता? एका नावावर दोन मिरर ठेवून भार वाटता येईल का?

उत्तर : शक्य तिथे सी-नेम, म्हणजे आपले नाव देणगीदाराच्या यंत्राच्या नावाकडे वळवणारी नोंद. यंत्राचा आयपी बदलला तर देणगीदार स्वतःच्या डीएनएसमध्ये बदल करतो आणि आपल्याला काही करावे लागत नाही. थेट आयपी देणारी ‘ए’ नोंद घातली तर त्याने आयपी बदलल्याचे आपल्याला तक्रारींवरूनच कळते. शिवाय आयपीव्ही६ची, म्हणजे नव्या, लांब आयपी पत्त्याची नोंद घालायची राहून जाते, किंवा घातलेली बंद पडते आणि काहींना जोडणी उगाच सावकाश होते.

सी-नेमला दोन बंधने आहेत. त्या नावावर दुसरी कोणतीही नोंद चालत नाही, आणि एका नावाला दोन सी-नेम देता येत नाहीत. त्यामुळे दोन मिररमध्ये भार वाटायचा तर ‘ए’ नोंदीच लागतात. पण असे वाटप आम्ही सुचवत नाही. दोन मिरर वेगवेगळ्या वेळी ताजे होतात. वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमने सूची (कोणत्या फाइली आहेत ती यादी) पहिल्याकडून घेतली आणि फाइल मागायला तो दुसऱ्याकडे गेला, तर ती फाइल तिथे अजून पोचलेलीच नसते. ही चूक कधी येते, कधी येत नाही, म्हणून शोधायला अतिशय त्रासदायक. एका नावामागे एकच मिरर असू द्या.

टीटीएल, म्हणजे ही नोंद इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवावी ती मुदत, रोजच्यासाठी ३,६०० ठेवा. ठरवून बदल करायचा असेल तर आदल्या दिवशी ३०० वर आणा, बदल झाल्यावर पुन्हा ३,६०० करा. ८६,४०० ठेवलात तर बंद पडलेल्या मिररकडे लोक पूर्ण दिवस जात राहतील.

प्रश्न : आमच्या कॉलेजने मिरर चालू केला. प्रकल्पाने ‘इन’ हे नाव आमच्याकडे वळवले, पण त्या नावाने उघडल्यावर कॉलेजचे मुखपृष्ठ दिसते आणि ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करतो. आमच्या स्वतःच्या नावाने मात्र सगळे व्यवस्थित चालते.

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोपी. एकाच आयपीवर अनेक संकेतस्थळे असतात, आणि ब्राउझर विनंतीसोबत ‘मला अमुक नावाचे हवे’ असे सांगतो. तुमच्या वेब सर्व्हरला प्रकल्पाचे नाव ओळखीचे नाही, म्हणून तो ठरलेले पहिले संकेतस्थळ दाखवतो. अपाचे असेल तर त्या साइटच्या विभागात ‘सर्व्हरएलिअस’ची ओळ, एन्जिनएक्स असेल तर ‘सर्व्हर_नेम’च्या ओळीत दुसरे नाव घाला. डीएनएस बदलण्याआधीच हे तपासता येते : कर्ल या प्रोग्रॅमच्या ‘रिझॉल्व्ह’ पर्यायाने नाव आणि आयपी यांची जोडी हाताने देऊन फाइल मागवून पाहा. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी तर ही चाचणी झाल्याशिवाय नाव वळवूच नये.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची, म्हणजे हे यंत्र खरेच त्या नावाचे आहे असे सांगणाऱ्या दाखल्याची, आणि देशानुसार पत्ते देण्यात आजची खरी अडचण हीच आहे. साध्या एचटीटीपीच्या काळात नाव कुठेही वळवले तरी चालायचे. आता सुरक्षित जोडणीसाठी (एचटीटीपीएस) ‘इन.मिरर.प्रकल्प.ऑर्ग’ या नावाचे सर्टिफिकेट तुमच्या यंत्रावर असावे लागते, आणि डोमेन तर प्रकल्पाचे आहे. मार्ग तीन आहेत.

एक, तुम्हीच लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून घ्या. त्यांची एचटीटीपीवरची तपासणी नाव जिथे वळले आहे त्या यंत्रावर ठरावीक फाइल आहे का एवढेच पाहते, म्हणून नाव तुमच्याकडे वळल्यावर सर्टिफिकेट मिळते. खाचखळगा असा, की ते वळल्यानंतरच मिळते. त्यामुळे बदलाच्या वेळी काही मिनिटे एचटीटीपीएस बंद राहते. प्रकल्पाच्या डोमेनवर ‘सीएए’ नोंद (कोणत्या संस्थांनी सर्टिफिकेट द्यावे हे सांगणारी) असेल आणि तिच्यात तुमच्या सर्टिफिकेट-संस्थेचे नाव नसेल तर विनंती नाकारलीही जाऊ शकते. ते आधी विचारून घ्या.

दोन, डीएनएसवरची तपासणी. प्रकल्प ‘_एक्मी-चॅलेंज’ हे तपासणीसाठीचे उपनाव सी-नेमने तुमच्या डीएनएसकडे सोपवतो, मग नाव वळायच्या आधीच सर्टिफिकेट तयार ठेवता येते. काम थोडे जास्त, पण मिरर बदलताना खंड पडत नाही. ज्यांना झेपेल त्यांनी हाच मार्ग घ्यावा.

तीन, नाव मिररकडे वळवायचेच नाही. ते प्रकल्पाच्या स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर ठेवायचे, त्यावर प्रकल्पाचे सर्टिफिकेट असेल, आणि तिथून देणगीदाराच्या मूळ पत्त्याकडे पुढे पाठवायचे. इथे उत्तराचा कोड ३०२ हवा, ३०१ नको. ३०१ म्हणजे ‘कायमचे हलले’. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि उद्या तुम्ही मिरर बदललात तरी जुन्याकडेच जात राहतो.

प्रकल्प चालवणाऱ्यांसाठी इथेच तीन इशारे. सगळ्या उपनावांना चालणारे तारांकित सर्टिफिकेट तयार करून त्याची खासगी किल्ली मिररना वाटू नका. सात जणांपैकी एकाचे यंत्र फोडले गेले तरी चोर ‘प्रकल्प’ म्हणून उभा राहू शकतो. दुसरे, मुख्य संकेतस्थळावरच्या लॉगिनची कुकी संपूर्ण डोमेनसाठी लावलेली असेल, तर ती मिररवरही जाते. कुकी मुख्य नावापुरतीच ठेवा किंवा मिररसाठी वेगळेच डोमेन घ्या. तिसरे, मूळ डोमेनवरून ‘एचएसटीएस’ हे शीर्षक (ब्राउझरला दिलेली सूचना) सबडोमेनांसह पाठवले, तर ब्राउझर सगळ्या देशांच्या पत्त्यांवर एचटीटीपीएसच मागतो. ज्या मिररवर सर्टिफिकेट नाही तो मग ब्राउझरमध्ये बंद आणि एपीटीसारख्या, पॅकेज उतरवणाऱ्या साधनांत चालू असा चकवा देतो. त्या शीर्षकाची मुदत वर्षाची ठेवली असेल तर ज्यांच्या ब्राउझरने ते एकदा घेतले त्यांच्याकडे ते वर्षभर राहते.

प्रश्न : आमच्या मिररवरून पॅकेज घेताना लोकांना अधूनमधून ‘हॅश जुळत नाही’ असा संदेश येतो. तासाभराने आपोआप बरे होते. डिस्क खराब आहे का?

उत्तर : तासाभराने बरे होत असेल तर बहुधा डिस्क नाही, क्रम चुकतो आहे. पॅकेजच्या संग्रहात दोन प्रकारच्या फाइली असतात : प्रत्यक्ष पॅकेजेस (बसवायला तयार प्रोग्रॅमच्या फाइली), आणि कोणते पॅकेज कुठे आहे व त्याचा हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला खुणेचा आकडा) काय हे सांगणाऱ्या सूच्या. आरसिंक हा फाइली जुळवून आणणारा प्रोग्रॅम एका दमात चालवला तर तो फोल्डरांच्या नावांच्या क्रमाने जातो. नवी सूची आधी येऊन बसते, तिच्यात सांगितलेली पॅकेजेस अजून वाटेत असतात. किंवा सूचीच्या पाच फाइलींपैकी तीन नव्या आणि दोन जुन्या असतात. त्या वेळात जो येईल त्याला ही चूक दिसते.

उपाय दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत सूच्या वगळून फक्त नवी पॅकेजेस आणा, काहीही पुसू नका. दुसऱ्या फेरीत सूच्या आणा आणि जुन्या फाइली सगळ्यात शेवटी पुसा. आरसिंकमध्ये त्यासाठी ‘डिलीट-आफ्टर’ हा पर्याय आहे. त्याला ‘डिले-अपडेट्स’ जोडलात तर उतरलेल्या फाइली बाजूला ठेवून शेवटी एकदम जागेवर बसवल्या जातात आणि अर्धवट अवस्था काही क्षणांवर येते. दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये जुने आणि नवे एकत्र असते, म्हणून डिस्कवर तेवढी मोकळी जागा हवी. जागा संपल्यामुळे फेरी मध्येच तुटणे हे ‘हॅश जुळत नाही’चे दुसरे नेहमीचे कारण आहे.

डेबियनचा मिरर असेल तर स्वतःची स्क्रिप्ट लिहू नका. त्यांची ‘एफटीपीसिंक’ घ्या. तिच्यात हे सगळे आहे. डेबियनचा संग्रह दिवसातून चार वेळा बदलतो, आणि प्रत्येक मिररवर ‘प्रोजेक्ट/ट्रेस’ या फोल्डरात शेवटच्या ताज्या प्रतीची वेळ लिहिलेली असते. लहान प्रकल्पाला हीच कल्पना एका फाइलीत राबवता येते : मुख्य सर्व्हरने दर तासाला एका फाइलीत यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहायची, आणि मिररवर ती फाइल सगळ्यात शेवटी यायला हवी. ती ताजी दिसली म्हणजे बाकी सगळे आलेले आहे.

ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये बरोबर तासाच्या ठोक्याला काम लावू नका. सगळे तसेच लावतात आणि मुख्य सर्व्हरवर एकदम झुंबड उडते. १७, ४३ असा कुठलाही आडनिडा मिनिट घ्या. यंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा हिशेब चुकतो, यूटीसी ठेवा. आणि आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून ‘एफलॉक’ लावा. दोन आरसिंक एकाच फोल्डरात शिरले की एक आणतो ते दुसरा पुसतो.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जुना सर्व्हर आणि १०० एमबीपीएसची लाइन आहे. एखाद्या मोठ्या लिनक्स वितरणाचा भारतातला मिरर चालवता येईल का?

उत्तर : कॅम्पससाठी खुशाल. देशाच्या नावाने मात्र नको. हिशेब असा : १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. एक टेराबाइट उतरवायला लाइन पूर्ण मोकळी असतानाही सुमारे २२ तास लागतात, आणि डेबियनचा संपूर्ण संग्रह काही टेराबाइटचा आहे. फक्त ‘एएमडी६४’ (नेहमीच्या पीसीसाठीच्या फाइली) घेतलात तर काम बरेच हलके होते. पहिली प्रत कशीतरी आणता येईल, खरी कसोटी नवी आवृत्ती येते त्या दिवशी. २०० जण एकाच वेळी ७०० मेगाबाइटची प्रतिमा (बसवण्यासाठीची एकसंध फाइल) घेत असतील, तर एक गिगाबिटच्या लाइनवर प्रत्येकाला ५ एमबीपीएस मिळतात आणि १९ मिनिटांत काम होते. तुमच्या लाइनवर तेच तीन तासांवर जाईल, आणि तोवर कॉलेजमधल्या कुणाचेच ईमेल उघडणार नाही.

लहान प्रकल्प निवडा. ज्याचा सगळा संग्रह ५०–१०० गिगाबाइटमध्ये बसतो अशा प्रकल्पाला भारतातला एक भरवशाचा मिरर फार मोलाचा वाटतो. डिस्कपेक्षा मेमरीवर खर्च करा. लाखो लहान फाइलींची यादी करताना आरसिंक फिरत्या डिस्कला दमवतो, आणि फाइलींची माहिती मेमरीत राहिली तर तीच फेरी कितीतरी लवकर संपते. डिस्क जोडताना ‘नोएटाइम’ पर्याय द्या, म्हणजे प्रत्येक वाचनाबरोबर लेखन होणार नाही.

एका आयपीवरून किती जोडण्या येऊ द्यायच्या याची मर्यादा घालताना सांभाळून. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचे हजारो ग्राहक आणि वसतिगृहातली सगळी मुले एकाच सार्वजनिक आयपीमागून येतात. ‘एका आयपीला दोन जोडण्या’ असा परदेशी मार्गदर्शिकेतला नियम जसाच्या तसा लावलात, तर एकाचे डाउनलोड चालू असेपर्यंत आख्खे वसतिगृह बाहेर उभे राहते.

प्रश्न : मी पुण्यात उबुंटू बसवलेला लॅपटॉप घेऊन जर्मनीला आलो आहे. इथे इंटरनेट वेगवान आहे, पण अपडेट मात्र रेंगाळतात.

उत्तर : बसवताना तुम्ही निवडलेल्या ठिकाणावरून ‘इन.आर्काइव्ह.उबुंटू.कॉम’ हा पत्ता सेटिंगमध्ये लिहिला गेला आणि तो तुमच्याबरोबर आला. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा, ‘डाउनलोड फ्रॉम’मध्ये जर्मनी निवडा, किंवा ‘अदर’मध्ये जाऊन सगळ्यात वेगवान सर्व्हर शोधायला सांगा. हाताने करायचे तर २४.०४ पासून तो पत्ता ‘उबुंटू.सोर्सेस’ या फाइलीत असतो, आधीच्या आवृत्त्यांत ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये. ‘इन’च्या जागी ‘डीई’ करा आणि ‘एपीटी अपडेट’ चालवा. सुरक्षा-अपडेटची ओळ वेगळी असते, तिला हात लावू नका.

प्रश्न : आता सीडीएन (जगभरच्या सर्व्हरांवर प्रती ठेवून जवळून फाइल देणारी सेवा) असताना देशानुसार पत्ते हवेतच कशाला? आपोआप जवळचा मिरर देता येत नाही का?

उत्तर : देता येतो, आणि नव्या वापरणाऱ्याला आधी तोच पत्ता द्यावा. डेबियनचा ‘डेब.डेबियन.ऑर्ग’ सीडीएनवर चालतो, आर भाषेचा ‘क्लाउड.आर-प्रोजेक्ट.ऑर्ग’ही तसाच. देश हे अंतराचे कच्चे माप आहे. केबल नकाशावरच्या सीमा पाळत नाहीत. भारतात समुद्राखालच्या बहुतेक केबल मुंबई आणि चेन्नईला येतात. चेन्नईतल्या एखाद्या ग्राहकाला सिंगापूर उत्तरेतल्या मिररपेक्षा जवळ पडू शकते. आणि दोन भारतीय नेटवर्कची आपसांत गाठ नीट पडत नसेल तर शेजारच्या शहरातली फाइलही लांबचा वळसा घेऊन येते.

‘आपोआप’ करण्याचे प्रकार मात्र सारखे नाहीत. डीएनएसने देश ओळखून उत्तर देणे सोपे वाटते, पण डीएनएसला वापरणाऱ्याचा पत्ता दिसत नाही, त्याच्या रिझॉल्व्हरचा, म्हणजे त्याच्या वतीने नाव विचारणाऱ्या सर्व्हरचा दिसतो. गूगलचा ८.८.८.८ वापरणाऱ्याच्या नेटवर्कचा अंश पुढे कळवतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ खासगीपणासाठी कळवत नाही. एचटीटीपीवरून पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला खरा आयपी दिसतो, म्हणून तो जास्त अचूक. मिररबिट्स हा त्यासाठीचा मुक्त प्रोग्रॅम आहे, व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनने तो वापरला आहे. फाइल त्या मिररवर खरोखर आहे का, तिचा आकार बरोबर आहे का, हेही तो पाहतो. आयपीवरून देश ओळखणारी जिओलाइट२ ही माहिती घ्यायला २०१९च्या शेवटापासून खाते उघडावे लागते, ते आधीच करून ठेवा. फेडोरा या लिनक्स वितरणाची रीत आणखी वेगळी : त्यांचा मिररमॅनेजर मिररची यादीच वापरणाऱ्याच्या यंत्राला देतो, देश पाहून क्रम लावतो, सोबत सूचीचा हॅश देतो, आणि पहिला मिरर चुकला तर यंत्र स्वतः पुढच्याकडे जाते. आम्हाला ही रीत सगळ्यांत भक्कम वाटते, पण त्यासाठी पॅकेज उतरवणारा प्रोग्रॅम आपल्या ताब्यात असावा लागतो.

तरीही देशाचे पत्ते मोडू नका. सीडीएन देणगीवर चालते आणि देणगी थांबू शकते. स्वयंचलित पत्ता चुकला की ‘अमुक देशाचा वापरून पाहा’ असे सांगायला जागा हवी. आणि ज्या महाविद्यालयाने वर्षानुवर्षे यंत्र दिले, त्याला देशाच्या नावाचा पत्ता सांभाळण्याचा मानही त्यातूनच मिळतो.

प्रश्न : एक मिरर तीन महिने शिळा आहे, ईमेलला उत्तर नाही. काढून टाकावा का? कसा?

उत्तर : काढावा, आणि तीन महिने थांबायला नको होते. शिळा मिरर बंद मिररपेक्षा वाईट. बंद असलेला चूक दाखवतो, शिळा मात्र ‘सगळे अद्ययावत आहे’ असे सांगतो आणि वापरणारा जुन्या, भोके असलेल्या आवृत्तीवर राहतो. फाइलींवर डिजिटल सही असली तरी जुन्या फाइलीची जुनी सही खरीच असते. म्हणून डेबियन काही सूच्यांवर वैधतेची अंतिम तारीख घालते, आणि सुरक्षा-अपडेट मिररऐवजी थेट ‘सिक्युरिटी.डेबियन.ऑर्ग’वरून घ्यायला सांगते.

नियम आधीच लिहून ठेवा. मुख्य सर्व्हर ज्या फाइलीत वेळ लिहितो, तिची मिररवरची प्रत दर तासाला बाहेरून तपासायची. २४ तास शिळा, तर ईमेल. ४८ तास शिळा, तर देशाचे नाव आपोआप मुख्य सर्व्हरकडे. परत घेताना सलग तीन तपासण्या पास झाल्यावरच, नाहीतर नाव दिवसभर इकडून तिकडे उड्या मारते. १४ दिवसांत उत्तर नसेल तर यादीतून बाहेर. तपासणी देशाच्या नावानेच करा, यंत्राच्या मूळ नावाने नको. सर्टिफिकेट संपलेले किंवा ‘सर्व्हरएलिअस’ पुसले गेलेले त्याशिवाय कळणार नाही.

काढताना पहिले काम डीएनएसचे. सी-नेम तसाच ठेवून पानावरचा दुवा तेवढा काढला, आणि पुढे देणगीदाराचे डोमेन मुदत संपून दुसऱ्याने घेतले, तर तुमचे ‘इन.मिरर.प्रकल्प.ऑर्ग’ त्या अनोळखी माणसाच्या यंत्राकडे जाते. तो त्या नावाचे सर्टिफिकेटही घेऊ शकतो. त्यामुळे आधी नाव मुख्य सर्व्हरकडे वळवा आणि टीटीएलची मुदत जाऊ द्या. ‘_एक्मी-चॅलेंज’ सोपवलेले असेल तर ती नोंद काढा, आरसिंकचा पासवर्ड रद्द करा, आणि शेवटी यादीच्या फाइलीतून ओळ काढा. देणगीदाराला एक पत्र जाऊ द्या : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्यांनी मिरर चालवला, याबद्दल आभार, आणि परत यायचे असेल तर काय करावे. विभागाच्या ईमेलवर पाठवा. व्यक्तीच्या ईमेलवर गेलेले पत्र बहुधा कुणी वाचतच नसेल.